फॉरेन की रुसली की आधी डेटा बघा

प्रश्न: दादा, लारावेलच्या (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) जुन्या प्रोजेक्टला बुकिंगचं टेबल जोडतोय. यूजर्सला फॉरेन की (या टेबलातली ओळ त्या टेबलातल्या खऱ्या ओळीलाच जोडलेली हवी, हा नियम) लावली की मायग्रेशन (टेबलं बनवणारी-बदलणारी फाइल) पडतं. दोन्हीकडे आयडीच तर आहे! (कोथरूड)

उत्तर: आहे रे, पण एका मापाचा नाही. लारावेल 5.8 च्या आधीच्या प्रोजेक्टात यूजर्सचा आयडी अनसाइन्ड (उणे आकडे न घेणारा) इंट असायचा, 4 बाइटचा, आणि आजचं फॉरेनआयडी बनवतं अनसाइन्ड बिगइंट, 8 बाइटचा. मायएसक्यूएल या डेटाबेसला दोन्ही सारखे लागतात, साइन्ड-अनसाइन्डसकट. नव्या टेबलात अनसाइन्डइंटिजर घे आणि की खाली वेगळ्या ओळीत लाव, झालं. यूजर्सचाच आयडी मोठा करायला जाऊ नकोस, त्याला आधीच चिकटलेल्या बाकीच्या कीज आडव्या येतील. आणि हो, दुसऱ्यांदा चालवलंस की 'टेबल आधीच आहे' म्हणेल, कारण मायएसक्यूएल टेबल बनवून मोकळं होतं, नंतरची की पडली तरी ते मागे घेत नाही. हाताने ड्रॉप कर. (लाइव्हवर करताना आधी बॅकअप, नंतर चहा.)

प्रश्न: आमचे सिनियर म्हणतात फॉरेन की चेक्स 0 कर (म्हणजे तपासणी बंद), मायग्रेशन चालव, परत 1 कर. चालेल का? (हडपसर)

उत्तर: मायग्रेशन चालेल, तिथेच तर गोची आहे. परत 1 केलं म्हणून मायएसक्यूएल मागे जाऊन जुन्या ओळी तपासत बसत नाही, ते फक्त पुढच्यांना अडवतं. मी हे केलंय, एका डब्याच्या मेसच्या साइटवर, रात्री दीड वाजता, झोप येत होती म्हणून. ग्राहक डिलीट झालेले, त्यांच्या ऑर्डरी तशाच, की मात्र दिमाखात लागलेली. महिनाअखेरीला बिलं काढताना ग्राहकाचं नाव मिळेना आणि काकूंचा फोन, "हे कोण जेवून गेले माझ्याकडे?" तेव्हापासून मी आधी लेफ्ट जॉइन मारतो (दोन टेबलं जोडून बघणारी क्वेरी), ज्यांना आईबाप नाहीत, म्हणजे ज्यांचा ग्राहकच सापडत नाही, त्या ओळी शोधून काढतो, आणि त्या उडवायच्या की कॉलम नल (रिकामा) करायचा ते मालकाला विचारतो, कारण तो निर्णय आपला नसतोच. मग की लावायची, चेक्स चालू ठेवूनच. मायग्रेशन पडलं तर पडू दे, अजून कुठेतरी घाण आहे एवढंच ते सांगतंय. सिनियरना माझा नमस्कार सांग.

प्रश्न: सर, रेल्स (रुबीचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस डेटाबेस आहे, टेबल प्रचंड मोठं. की लावताना साइट अडकली. (बाणेर)

उत्तर: की लावताना पोस्टग्रेस दोन्ही टेबलांवर लॉक घेतं आणि जुन्या सगळ्या ओळी तपासून होईपर्यंत सोडत नाही, तोवर लिहिणारे खोळंबतात. ॲड-फॉरेन-कीला व्हॅलिडेट फॉल्स द्या, म्हणजे जुन्या ओळी तेव्हा तपासल्या जाणार नाहीत, आणि व्हॅलिडेट-फॉरेन-की पुढच्या वेगळ्या मायग्रेशनमध्ये चालवा, एकाच फाइलीत नको, नाहीतर ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरं होणारं काम) एकच आणि लॉकही तोच. शिवाय त्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे का बघा, मायएसक्यूएल तो स्वतः बनवतं, पोस्टग्रेस नाही.