वाचकांचे प्रश्न : जेम्स, लार्स आणि चार तासांचं घड्याळ

'मेटॅलिका: सम काइंड ऑफ मॉन्स्टर' (2004) या, मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडवरच्या माहितीपटाबद्दल आलेले बहुतेक प्रश्न गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिक या जोडीभोवतीच फिरतात. ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 2001 च्या जानेवारीत बेसिस्ट जेसन न्यूस्टेड बँड सोडतो, उरलेले तिघं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ भागात, जुन्या लष्करी बराकीत नवा अल्बम करायला बसतात, सोबत एक थेरपिस्ट असतो आणि जो बर्लिंजर व ब्रूस सिनोफ्स्की यांचा कॅमेराही. जुलैमध्ये जेम्स व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी निघून जातो. तो परतल्यावर काय होतं, हा उत्तरार्ध.

हे दोघं एकमेकांना इतकं टाकून बोलतात, तरी वीस वर्षं एकत्र कसे? मैत्री की धंद्याची मजबुरी?
*एक वाचक, नाशिक*

पैसा आहेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्यांना बांधून ठेवणारी पहिली गोष्ट कामाची वाटणी आहे. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, मुख्यतः जेम्सच्या गिटारमधून येतात. त्यातला कुठला तुकडा आधी, कुठला किती वेळा, कुठे तोडायचा, ही जुळणी करण्यात लार्सचा हात मोठा. म्हणजे एकाने आणलेल्या मालावर दुसऱ्याने रोज बोट ठेवायचं, हेच त्यांचं काम. 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या जाहिरातींच्या एका पेपरात लार्सने जाहिरात दिली आणि दोघं भेटले. दोघांचं वय तेव्हा जेमतेम सतरा-अठरा. त्या वयापासून एकमेकांशी दुसऱ्या कुठल्या रीतीने बोलायची वेळच आली नाही.

दुसरी गोष्ट घरची. जेम्स तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आई ख्रिश्चन सायन्स पंथाची, औषधोपचार नाकारणारी. तो सोळा वर्षांचा असताना ती कॅन्सरने गेली. लार्स डेन्मार्कच्या टेनिसपटू घराण्यातला एकुलता एक मुलगा, वडील टॉर्बेन स्वतः नावाजलेले खेळाडू. पुढे चित्रपटात हे वडील मुलाच्या बँडच्या नव्या संगीताचा एक तुकडा ऐकतात आणि शांतपणे सांगतात, हा काढून टाका. स्पष्ट मत देणं हे या घरात प्रेमाच्या आड येत नाही. जेम्सच्या बाबतीत मात्र मतभेदामागोमाग माणूस सोडून जाईल ही भीती उभी राहते. न्यूस्टेडला दुसऱ्या बँडमध्ये वाजवू का दिलं नाही, याबद्दल बोलताना जेम्स स्वतःच कबूल करतो की त्याला प्रेम करायचं म्हणजे गळा आवळून धरायचं एवढंच येतं, म्हणजे समोरचा कुठे जाणार नाही. चित्रपटाची किल्ली या वाक्यात आहे.

हे धरून सुरुवातीचं भांडण पुन्हा बघा. जेम्स गिटारचा एक भाग वाजवतो. लार्स म्हणतो, हे नेहमीचंच, ठरीव वाटतंय. पुढच्या काही मिनिटांत विषय गिटारवरून एकमेकांच्या मूडवर जातो आणि जेम्स दार आपटून बाहेर पडतो. बहुतेक प्रेक्षक इथे शिवी आधी कुणी दिली याचा हिशेब ठेवतात. त्यापेक्षा लार्सची टीका कशावर पडली ते बघा: जेम्स ज्या एकाच वाटेने मन मोकळं करतो त्या रिफवर. आणि जेम्स त्याला उत्तर काय देतो? निघून जातो. त्याला स्वतःला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती आहे, तीच तो दुसऱ्याला देतो.

परत आल्यावर जेम्स 'मी दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार' म्हणतो. हा सरळ आडमुठेपणा नाही का?
*एक वाचक, बेळगाव*

सगळ्यात जास्त पत्रं याच मुद्द्यावर आली आणि सगळ्यात जास्त घाईचे निकालही इथेच लागले आहेत.

चार तासांची मर्यादा ही व्यसनातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाची शिस्त आहे. दारू पूर्वी जो ताण झाकत होती तो आता उघडा पडलाय, घरी लहान मुलं आहेत, दिवसाला कडक चौकट नसेल तर सगळं पुन्हा घसरेल. इथवर जेम्सची बाजू चोख आहे. गाडी अडते ती पुढच्या अटीवर: चारनंतर मी गेलो की बाकीच्यांनीही त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकत, त्यावर चर्चा करत बसू नये. माझ्यामागे निर्णय होतात आणि दुसऱ्या दिवशी मी तयार ताटावर येतो, असं त्याचं म्हणणं. लार्स उसळतो तो या अटीवर. त्याचा मुद्दा असा की तू खोलीत नसतानाही खोली तुझ्याच ताब्यात राहते.

दोघांचंही खरं आहे, म्हणून हा प्रसंग इतका जड जातो. 2001 च्या जुलैपासून 2002 च्या एप्रिलपर्यंत बँड आहे की संपला हेच लार्सला माहीत नव्हतं. त्या काळातली त्याची गप्प चिडचीड आता बाहेर येते. तो येरझाऱ्या घालतो, मनात दिवसभर कुठली एक शिवी घोळतेय ते सांगतो, आणि जेम्सच्या अगदी तोंडापाशी जाऊन ती ओरडतो. जेम्स जागचा हलत नाही. आता पहिलं भांडण आठवा: तेव्हा जेम्स दारातून बाहेर गेला होता. इथे तो बसून राहतो. उपचारांनी काय बदललं, याचा चित्रपटातला सगळ्यात पक्का पुरावा हा आहे, आणि लार्सच्या आवाजाकडे लक्ष गेल्यामुळे नेमका तोच हुकतो.

या प्रसंगात गिटारिस्ट कर्क हॅमेटकडेही नजर ठेवा. तो मध्यस्थी करतो, किंवा गप्प बसतो. पुढे अल्बममध्ये गिटार सोलोच (गाण्यातले एकट्या गिटारचे तुकडे) नकोत असं ठरू लागतं तेव्हा मात्र तो ठाम विरोध करतो. सोलो न ठेवणं हीही फॅशन, त्यानेही अल्बमवर काळाचा शिक्का बसेल, असा त्याचा रोख. त्याचं कुणी ऐकत नाही. दोन जबर माणसांच्या मधला तिसरा कशी किंमत मोजतो ते इथे दिसतं.

कॅमेरा समोर असताना हे दोघं खरे कसे वागतील? मग त्यावरून नात्याचा अर्थ काढणं कितपत योग्य?
*एक वाचक, पुणे*

शंका रास्त आहे आणि चित्रपट ती लपवत नाही. जेम्स परतल्यावर शूटिंग चालू ठेवायचं का, यावर दिग्दर्शकांसकट सगळे बसून बोलतात आणि तो प्रसंग चित्रपटातच आहे. बर्लिंजर आणि सिनोफ्स्की यांची बँडशी ओळख त्यांच्या 1996 च्या 'पॅरडाइज लॉस्ट' या माहितीपटापासूनची. त्यात मेटॅलिकाची गाणी होती.

कॅमेऱ्यापेक्षा जास्त फसवतं ते संकलन. दोन वर्षांचं आयुष्य 141 मिनिटांत बसवलंय. दोन लगतच्या प्रसंगांत कितीतरी दिवसांचं अंतर असू शकतं. म्हणून 'त्यामुळे' म्हणताना जपा. 'भांडण झालं, त्यानंतर जेम्स उपचारांना गेला' हे म्हणता येतं. 'भांडणामुळे गेला' हे चित्रपट सिद्ध करत नाही. त्याच्या दारूची, रशियातल्या अस्वलाच्या शिकारीची, मुलाचा पहिला वाढदिवस हुकल्याची पार्श्वभूमी आधी येऊन गेलेली असते. एकाच सलग शॉटमध्ये घडलेल्या गोष्टीवर अर्थाचा भार द्या. प्रतिक्रियेचा चेहरा वेगळ्या शॉटमध्ये जोडलेला असेल तर हात राखून.

डेव्ह मस्टेनचा प्रसंग मध्येच का घातलाय? तो तर 1983 लाच बँडबाहेर गेला होता.
*एक वाचक, पणजी*

कारण जेम्स तिथे नाही. 13 सप्टेंबर 2001 ला लार्स बँडचा आधीचा गिटारिस्ट मस्टेन याला थेरपिस्टसमोर भेटतो. हाकललं गेल्याचं दुःख मस्टेनने मेगाडेथ या स्वतःच्या बँडला एवढं यश मिळूनही उराशी धरलंय, आणि लार्सला ते नुसतं ऐकून घ्यावं लागतं. त्या वेळी लार्स स्वतः ताटकळत बसलेला आहे, एरवी तो इतका वेळ गप्प राहिला असता का, सांगता येत नाही. त्याच्या आणि जेम्सच्या जोडीने इतरांना काय भोगायला लावलं, ते या एका भेटीत समोर येतं. न्यूस्टेडच्या नव्या बँडचा कार्यक्रम बघायला लार्स आणि कर्क जातात आणि त्यांना भेटण्याआधीच तो निघून गेलेला असतो, तो प्रसंगही याच्या जोडीला ठेवून बघा.

थेरपिस्टमुळे नातं वाचलं का?
*एक वाचक, ठाणे*

काही अंशी. महिना 40,000 डॉलर घेणाऱ्या फिल टाउलने दोघांना एका खोलीत बोलतं ठेवलं, हे खरं काम. पण शेवटाकडे तो स्वतःला बँडचाच माणूस समजू लागतो, आणि त्याला निरोप द्यायच्या प्रश्नावर जेम्स आणि लार्स प्रथमच एका बाजूला येतात. त्याचं बोलणं हा चित्रपटाचा निवाडा मानू नका.

आमच्या फिल्म क्लबमध्ये हा दाखवून चर्चा ठेवायची आहे. कशी आखणी करावी?
*एक वाचक, कोल्हापूर*

शिव्या भरपूर आहेत, तेव्हा सूचनेत 'प्रौढांसाठी' लिहा. इंग्रजी सबटायटल्स लावाच. चिडल्यावर लार्स फार भराभर बोलतो आणि जेम्स तोंडातल्या तोंडात, त्यामुळे अर्धा अर्थ वाया जातो. मध्यंतर जेम्स परत येण्याच्या ऐन आधी घ्या. सगळं मिळून चार तास हाताशी ठेवा.

चर्चेआधी दोनच प्रसंग पुन्हा लावा, दार आपटण्याचा आणि तोंडावर ओरडण्याचा. आधी आवाज बंद करून: कोण उभं, कोण बसलेलं, कोण कुणाकडे बघत नाही. मग आवाजासकट. 'चूक कुणाची' या प्रश्नाने सुरुवात केली तर दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि चर्चा तिथेच रुतते. 'प्रत्येकाला कशाची भीती वाटतेय, आणि ते कुठल्या शॉटवरून म्हणता' असं विचारा. शॉट सांगता आला नाही तर ते मत बाजूला ठेवायचं, हा नियम आधीच जाहीर करा.

शेवटी 2003 चा 'सेंट अँगर' अल्बम पाच मिनिटं ऐकवा. स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडून वाजवलाय, म्हणून तो डब्यासारखा खणखणतो. सोलो एकही नाही. बेस निर्माता बॉब रॉकने वाजवलाय, कारण रॉबर्ट ट्रुहियो 2003 च्या फेब्रुवारीत आला तोवर रेकॉर्डिंग उरकत आलं होतं. अनेकांना हा अल्बम कर्कश वाटतो. पण चित्रपटानंतर लगेच ऐकला तर ती खोली आणि तो ताण त्या आवाजात ओळखू येतो. स्पीकर मात्र बरे लागतील. लॅपटॉपच्या आवाजावर फक्त खणखणाट पोचेल.