वाडगा वाकडा, पण किती?

मागच्या अंकात मी चावानबद्दल, म्हणजे जपानी चहाविधीत वापरतात त्या वाडग्यांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांचा रोख एकच होता, म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, वर्षभर कुंभाराच्या चाकावर शिकते आहे, आता चहाचे वाडगे करायला घेतलेत. वाबी-साबी म्हणजे अपूर्णतेतलं सौंदर्य असं वाचलं होतं. म्हणून वाडगा चाकावरून उतरवल्यावर दोन्ही तळव्यांत धरून मुद्दाम दाबला आणि काठ नखाने थोडा कुरतडला. आमच्या बाई म्हणाल्या, "हे नाटक वाटतंय." पण जपानी वाडगे वाकडेच असतात ना? मग माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो बराच वेळ पाहिला. वाडगा दाबलात त्याला माझी काही हरकत नाही. माझी हरकत आहे ती त्या कुरतडलेल्या काठाला.

मुद्दाम वाकडं करणं जपानला नवीन नाही. फुरुता ओरिबे (1544–1615) हा सरदार माणूस, चहाविधीचा मोठा आचार्य सेन नो रिक्यू याचा शिष्य. 1599 मध्ये त्याच्याकडे हाकाताचा कामिया सोतान नावाचा व्यापारी चहाला गेला होता. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की सेतोचा, म्हणजे जपानमधल्या त्या कुंभारगावचा, वाडगा वेडावाकडा होता, 'ह्योगेमोनो'. आपण गमत्या किंवा विदूषकी म्हणू तसा. पायातल्या खडावेसारखे दाबलेले ते काळे ओरिबे वाडगे आज संग्रहालयात काचेच्या मागे आहेत. तेव्हा तुमच्या बाई नाटक म्हणाल्या तर ओरिबेनेही नाटकच केलं. पण नाटकच करायचं तर पाठांतर पक्कं हवं. ते वाडगे आधी चाकावर चांगले उतरलेले असत, मग दाबलेले. आणि दाबल्यावरही त्यांत चहा घुसळता येई, ओठ लावता येई.

याच्या उलट टोकाला चोजिरो. रिक्यूच्या (1522–1591) सांगण्यावरून त्याने क्योतोत जे वाडगे केले, त्यांतून पुढे राकू हे कुंभारांचं घराणं उभं राहिलं. हे वाडगे चाकावर होत नाहीत. मातीचा गोळा हाताने थापायचा, कडा वर उचलायच्या, थोडं घट्ट झालं की पात्याने तासायचं. त्याचा 'ओगुरो' म्हणजे 'मोठा काळा' हा वाडगा पाहिलात तर तुमची निराशा होईल, कारण त्यात वाकडं असं फारसं काही नाहीच. गप्प बसलेला वाडगा आहे तो. तळवा गोल नसतो, म्हणून वाडगाही अगदी गोल नाही, इतकंच.

आणि तिसरा प्रकार मला सगळ्यांत आवडणारा. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात कोहोआन नावाचं उपमंदिर आहे, तिथे 'किझाएमोन' नावाचा इदो, म्हणजे एका जुन्या कोरियन प्रकारचा, वाडगा जपलेला आहे. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केलेल्या वाडग्यांची संख्या फक्त आठ आणि त्यांतला हा एक. (त्या आठांत जपानमध्ये घडलेले दोनच आहेत, बाकीचे चीन-कोरियाचे. जपानी चहाचा जपानीपणा सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) किझाएमोनच्या बुडाशी ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आकसून त्याचे थेंबथेंब, मण्यामण्यांसारखे पुंजके झालेत. आपल्या भट्टीतून असा तुकडा निघाला तर आपण कपाळावर हात मारू, कारण हा ग्लेझचा दोषच आहे. चहावाल्यांनी त्याला 'काइरागी' असं नाव दिलं, तलवारीच्या मुठीला लावतात त्या खरखरीत माशाच्या कातड्यावरून, आणि इदो वाडगा ओळखायची ती एक खूणच ठरली. पण हे दोष कुठे आहेत ते पाहा. बुडाशी. काठाला नाहीत.

आता माझी फजिती सांगते. पंधरा वर्षांपूर्वी क्योतोत चहा शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंकडे मी स्वतः केलेला वाडगा घेऊन गेले होते. मातीत भाजलेल्या मातीची भरड भरपूर, काठ खडबडीत ठेवलेला, मला तर तो फार 'वाबी' वाटत होता. बाईंनी वाकून तो घेतला, गरम पाण्याने विसळला आणि चाकिन काढलं. चाकिन म्हणजे तागाच्या जातीच्या धाग्याचं पातळ पांढरं फडकं, साधारण हातरुमालाच्या अर्ध्या आकाराचं. त्याची घडी काठावर अर्धी आत, अर्धी बाहेर धरायची आणि वाडगा फिरवत काठ पुसत जायचं. दुसऱ्या फेरीत फडकं अडकलं. बाईंनी ते हळूच सोडवलं, पुढे पुसलं, चहा केला, मला दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर सामान आवरताना चाकिन माझ्यासमोर पसरून ठेवलं. एक धागा ओढला गेला होता, बोटभर लांब. तो धागा मला अजून दिसतो.

त्या दिवसापासून मी वाडगा भट्टीत जायच्या आधी काठावरून ओला स्पंज आणि मग बोटाचं पेर फिरवते. काठ वरखाली असेना का, राकूच्या काठालाही हलका चढउतार असतो. पण पुसताना फडकं अडता कामा नये आणि जिथे ओठ टेकणार तिथला पट्टा आतून-बाहेरून गुळगुळीत, थोडा आत वळलेला हवा.

तीच गोष्ट तळाची. चहा घुसळायचं चासेन बांबूचं असतं, एकाच कांडीच्या चिरून केलेल्या केसासारख्या काड्या, साठपासून एकशेवीसपर्यंत. आतला तळ खरखरीत असेल तर काड्यांची टोकं मोडून चहात येतात. तळ अरुंद असेल तर चासेन फिरतच नाही आणि हिरव्या चहापुडीची गाठ खाली बसून राहते. तुमच्या फोटोतला वाडगा दाबल्यामुळे आत इतका चिंबलाय की मला चासेन फिरेल असं वाटत नाही. घरात चासेन नसेल तर एक आणाच. वाडगा ओला असतानाच ते तळाशी टेकवून मनगट पुढेमागे करून बघा, मातीच सांगेल.

आणि बुडाची कडी. ती तातामीच्या चटईवर टेकणार, म्हणून भाजल्यावर ती पॉलिश-कागदाने घासायची. ओरखडा काढणारा वाडगा दुसऱ्यांदा कुणी बाहेर काढत नाही.

पुन्हा कराल तेव्हा चाक बाजूला ठेवून बघा. साडेसहाशे ग्रॅम माती घ्या, डाव्या तळव्यावर गोळा आणि उजव्या हाताने चिमटत वर उचला. ओलं असताना तोंड चौदा सेंटिमीटर ठेवलंत तर सुकून-भाजून सव्वाबाराच्या आसपास येईल, तेवढं पुरे. सुरुवातीला भिंत जाड ठेवा. एक रात्र प्लॅस्टिकखाली ठेवून दुसऱ्या दिवशी तासा, आणि तासताना दर दोन मिनिटांनी डोळे मिटून दोन्ही हातांत धरा. जिथे जड लागेल तिथून माती काढा. एवढं करून वाडगा वाकडा झाला तर होऊ द्या, बाई नाटक म्हणणार नाहीत. म्हणाल्या तर मला कळवा.

प्रश्न : एका कार्यशाळेत मी राकू पद्धतीचा वाडगा केला. लालबुंद असताना चिमट्याने काढून भुशात टाकला, वर डबा झाकला. तांब्यासारखी निळी-जांभळी झळाळी आली आहे. यात माच्चा, म्हणजे पूड घुसळून केलेला हिरवा चहा, प्यायला चालेल का?

उत्तर : नाही. शोभेला ठेवा.

नावाने गोंधळ होतो, म्हणून थोडं सांगते. क्योतोचं राकू आणि कार्यशाळेतलं राकू हे लांबचे नातेवाईक आहेत. क्योतोतला काळा राकू वाडगा छोट्या भट्टीत, कोळशावर, भात्याने धग वाढवत सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजतात आणि धगधगता असतानाच चिमट्याने बाहेर काढतात. काही वाडग्यांवर त्या चिमट्याची खूणही राहते. त्याचा काळा ग्लेझ कामो नदीतल्या दगडांच्या भुकटीचा. भुसा, धूर, डबा यांतलं तिथे काही नाही. बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंताला 1911 मध्ये तोक्योच्या एका मेजवानीत राकू पहिल्यांदा भेटलं आणि त्याच्यामार्फत ते पश्चिमेत गेलं. मग 1960 च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनरने तापलेलं भांडं पानापाचोळ्यात टाकून पाहिलं, आणि आज जगभर शिकवतात ते हे धुराचं राकू.

तुमच्या वाडग्याची माती कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र आहे. तिने धूर पिऊन घेतलाय, ग्लेझला बारीक भेगा आहेत, आणि ती झळाळी तांब्याची आहे. ती काही महिन्यांत फिकी पडेल, अन्नाला लागली तर तांबंही उतरेल. आतून वेगळा, खाण्याला चालणारा ग्लेझ लावला तरी भेगांचा प्रश्न राहतोच. निळी-जांभळी नशा मला समजते, माझ्याही कपाटात असे चार आहेत.

प्रश्न : जपानच्या हागी गावातून एक वाडगा आणला. दोनदा चहा प्यायलो, तर बुडाशी ओल आली आणि टेबलावर गोल डाग पडला. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही हो, हागी असंच असतं. मऊ, सच्छिद्र माती आणि त्यावर बारीक भेगांचं जाळं पडलेला ग्लेझ. चहा त्या भेगांत शिरतो आणि वर्षानुवर्षं रंग बदलत जातो. याला तिथे हागीची सात रूपं म्हणतात. चहावाल्यांची पसंती सांगणारी एक जुनी म्हण आहे : पहिलं राकू, दुसरं हागी, तिसरं कारात्सु (हाही जपानी भांड्यांचाच एक प्रकार). म्हणजे झिरपणाऱ्या वाडग्याला दुसरा नंबर!

उपाय सोपा. वाडगा पातेल्यात ठेवा, तांदूळ धुतलेलं गढूळ पाणी तो बुडेपर्यंत ओता, गार असतानाच मंद आच लावा. उकळी फुटू न देता अर्धा तास ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. तांदळाचा स्टार्च छिद्रांत बसतो. मग धुऊन दोन-तीन दिवस सुकवा. पुढे प्रत्येक वेळी चहाआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. छिद्रांत आधीच पाणी असलं की चहा कमी शिरतो. आणि ओला वाडगा कधीही लाकडी पेटीत घालून बंद करू नका. बुरशीचा वास एकदा बसला की जात नाही. मी एक असाच घालवला आहे.

जाता जाता : हागीची ही परंपरा सुरू केली कोरियन कुंभारांनी. 1592 ते 1598 या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा त्यांच्यासारख्या अनेक कारागिरांना पकडून जपानला नेलं गेलं. चहाच्या शांततेबद्दल लिहिताना ही बाजू गाळतात, म्हणून मी लिहिते.

प्रश्न : किंत्सुगीचा, म्हणजे फुटलेलं भांडं सोनेरी सांध्यांनी जोडायचा, संच मागवला आहे, त्यात दोन नळ्यांचा गोंद आणि सोनेरी पावडर आहे. फुटलेला चावान जोडून परत वापरता येईल?

उत्तर : जोडता येईल, पण त्यात चहा पिऊ नका. त्या दोन नळ्या म्हणजे इपॉक्सी, आणि पावडर बहुधा पितळेची. वेष्टनावर 'अन्नासाठी नाही' असं बारीक अक्षरात सापडेल.

खरं काम उरुशीचं, म्हणजे लाखझाडाच्या चिकाचं. हा चीक वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. म्हणून जोडलेलं भांडं ओलसर पेटीत ठेवायचं. आधी पीठ आणि उरुशी कालवून सांधा जोडायचा, काही दिवसांनी घासायचं, भरायचं, परत घासायचं, आणि शेवटच्या पातळ लेपावर सोन्याची पूड. महिना-दोन महिने सहज जातात. आणि हातमोजे घाला! हे झाड बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, आणि बिब्बा उततो तशी उरुशीही उतते. माझे दोन्ही कोपर आठवडाभर सुजले होते.

घाई असेल तर लोखंडी टाचण्यांचा मार्गही आहे, पण तो आता येणारे हात फार थोडे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'बाकोहान' नावाचा चिनी हिरवट वाडगा आहे. असं सांगतात की शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, आशिकागा योशिमासाने तो तडकल्यावर चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. तसा आता होत नाही म्हणून त्यांनी तोच टाचण्या मारून परत पाठवला. टाचण्या टोळासारख्या दिसतात, म्हणून नाव पडलं टोळाचं.

प्रश्न : चावानला कान का नसतो? हात भाजत नाही?

उत्तर : पातळ माच्चाला पाणी लागतं सत्तर मिलिलिटरच्या आसपास, तेही उकळतं नाही, ऐंशी अंशांचं. भिंत जाड आणि सच्छिद्र, वाडगा आधी विसळून कोमट केलेला. हातात येतो तो ऊबदार, कढत नाही. डावा तळवा खाली, उजवा हात बाजूला, आणि प्यायच्या आधी वाडगा थोडा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठाखाली येत नाही. कान असता तर तो फिरवताना नाकाला लागला असता.