मुलाची केली, मग मुलीची का नाही?

"मुलाची सुंता केली तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. मुलीचं म्हटलं की एवढा गहजब का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता आवाजावरूनच कळतं, समोरचं माणूस वाद घालायला आलंय की सुटका मागायला.

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती, सुटका मागायला. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथातलं घर, मुलगी सात वर्षांची होत आलेली. (ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि आठ-नऊ भेटी इथे थोडक्यात बसवल्यात.) सासूबाईंनी सुट्टीतला दिवसही ठरवला होता. नवऱ्याला पत्ताच नव्हता. मुलींचा खतना, म्हणजे मुलींची सुंता, बायका आपापसात उरकतात.

"मॅडम, हिचं थोडंसंच तर असतं. मुलाचं चालतं ना?"

मी तुलना टाळली नाही. मुलाच्या सुंतेत शिश्नावरची पुढची कातडी जाते. मुलीच्या बाबतीत हात शिश्निकेवर (क्लिटोरिसवर) किंवा तिच्या आवरणावर पडतो, आणि त्याचा आरोग्याला कसलाही फायदा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. नुसतं टोचणंसुद्धा संघटनेच्या स्त्री-जननेंद्रिय विच्छेदनाच्या व्याख्येत येतं आणि डॉक्टरने केलं म्हणून ते क्षम्य ठरत नाही. युनिसेफच्या 2024च्या अंदाजात असं झालेल्या 31 देशांतल्या 23 कोटींहून अधिक मुली-बायका आहेत. त्यात भारत नाही, कारण आपल्याकडे देशपातळीवर मोजणीच झालेली नाही.

मुलांचा प्रश्नही मिटलाय असं मी म्हणत नाही. एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या आफ्रिकी भागांत सुंतेमुळे पुरुषांना होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि 2007 साली तशी शिफारस झाली. पण ते अभ्यास स्वतःहून तयार झालेल्या पुरुषांवर होते. तो आकडा सरसकट तान्ह्या बाळाला लावणं मला पटत नाही. 2012 मध्ये कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा म्हटलं. त्याच वर्षाअखेर जर्मन संसदेने अटी घालून पालकांना ती मुभा दिली. संमतीचा प्रश्न तिथेच राहिला.

हे सगळं तिने नीट ऐकलं आणि जागची हलली नाही. नवल वाटलं नाही. मी घराच्या तिन्ही पिढ्या एकत्र बघते, आणि गाठ बहुधा मधल्या पिढीत सापडते.

चौथ्या भेटीत विचारलं, "समजा तुम्ही नाही म्हणालात. सगळ्यात जास्त कुणाला लागेल?"

सासूबाईंचं नाव येईल असं मी धरून चालले होते.

"माझ्या मम्मीला."

"त्यांना का?"

"मग माझं झालं तेही चूक ठरतं ना. आणि मला तिनेच नेलं होतं."

इथे मी गप्प बसले. उमेदवारीच्या काळात लगेच धीर देऊन मोकळी झाले असते. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "तेव्हा मम्मी कुठे होत्या?"

"दाराबाहेर. आत मावशीने धरलं होतं मला." ती थांबली. "ती आत का नाही आली?"

तिच्या आठवणीत इतकी वर्षं एकच खोली होती. त्या दिवशी प्रथमच तिला दाराची दुसरी बाजू दिसली. मी म्हटलं, हा प्रश्न मला नको, मम्मीला विचारा. जाब म्हणून नको, नुसता विचारा.

दोन आठवड्यांनी उत्तर घेऊन आली. "म्हणाली, मला बघवलं नसतं, माझं मला आठवत होतं." आणि पुढे, "पण सासूशी भांडू नकोस, हेही म्हणाली." आम्ही दोघी हसलो. आता आईवर निकाल द्यायची तिला गरज उरली नव्हती. मुलीबद्दल मात्र ठाम होती.

अशा घरांना मी सांगते: नवऱ्याला आधी सांगा, कारण त्याचं अज्ञान हाच या प्रथेचा मोठा आधार आहे. "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका. पुढचं वर्ष येतं. "आम्ही दोघांनी ठरवलंय" म्हणा, कारणांची यादी देऊ नका, प्रत्येक कारणावर कुणीतरी तोडगा काढतं. धास्ती असेल तर त्या सुट्टीत मुलीला नातलगांकडे एकटी पाठवू नका. वेळ आलीच तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आपल्याकडे स्वतंत्र बंदी कायदा नाही, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. पण सध्याच्या कायद्यांतही हा गुन्हाच आहे, असं तेव्हा केंद्र सरकारने न्यायालयात सांगितलं होतं.

शेवटच्या भेटीला नवराही आला. बराच वेळ ऐकत राहिला.

"मुलाचं काय करायचं आता?"

"झालेलं परत फिरत नाही. मोठा होऊन विचारेल तेव्हा खरं सांगा. तुमचं स्वतःचं आठवतं ते सांगा."

"मला काहीच आठवत नाही," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मला कुणी विचारलंही नव्हतं."