मुन्नारचा चहा आणि मोर्शीचा बगीचा

प्रश्न: "साहेब, उन्हाळ्यात घरचे सगळे मुन्नारला जाऊन आलो. तिथं चहाचं काम नुसतं पाहायला लोक तिकीट काढतात. माझं मोर्शी तालुक्यात सहा एकर वावर आहे, त्यात चार एकर संत्रा. उरलेल्या दोन एकरांत चहा लावून पर्यटन केंद्र काढावं म्हणतो. रोपं कुठं मिळतील?"

याच अर्थाची विचारणा वरुड आणि काटोलकडूनही झाली, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

भाऊ, रोपांच्या मागे लागू नका. चहाला आम्लधर्मी जमीन लागते, सामू (pH) साधारण 4.5 ते 5.5. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी 7.5 च्या वरच, खाली चुनखडी निघाली तर आणखी वाईट. मुन्नार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. सावलीची जाळी लावा, ठिबक टाका, गंधक घाला, चहा तगणार नाही. चिखलदऱ्याला कॉफी होते, मग चहा का नाही, असंही एकानं विचारलं. चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, मोर्शी खाली सपाटीवर. तिथलं पीक इथं उतरत नाही.

पण तुमचा मूळ विचार मला चुकीचा वाटत नाही. फक्त मुन्नारला तुम्ही काय पाहिलं, ते परत आठवून पाहा. तिथल्या नल्लथन्नी मळ्यातल्या चहा संग्रहालयात लोक काय बघतात? पान सुकवणं, मळणं, आंबवणं, भट्टीतून काढणं. म्हणजे मळ्याचं रोजचंच काम. चहा पाहुण्यांसाठी लावलेला नाही. तो विकायला लावला आणि पाहुणे मागून आले. दार्जिलिंगकडच्या मकाईबारी मळ्यात तर पाहुण्यांची मुक्कामाची सोय मजुरांच्या घरांत केली. पश्चिम बंगाल सरकारनं 2019 च्या धोरणात मळ्याची 15 टक्के, तीही जास्तीत जास्त 150 एकर, जमीन पर्यटनाला वापरू दिली. एवढी मर्यादा तेव्हा घालावी लागली, कारण नाहीतर खोल्या वाढतात आणि चहा मागं सरतो. तुमचं तर उलटंच चाललंय, आधी पर्यटन आणि मग पीक.

तुमच्याकडे चार एकर बगीचा उभा आहे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूर-अमरावतीचा माणूस संत्रा आयुष्यभर खातो, पण झाडावर लगडलेला बगीचा कितीजणांनी आतून पाहिलाय? त्यांना तेच दाखवा.

आता खरी अडचण, जी तुमच्या प्रश्नात नाही. आपल्याकडे बहुतेक बगीचे उभे विकले जातात. व्यापाऱ्यानं बयाणा दिला की झाडावरचं फळ त्याचं. मग तुम्ही पाहुण्याला "तोडा हवं तेवढं" कसं म्हणणार? मागच्या हंगामात एका बगीच्यात मी हे भांडण डोळ्यांनी पाहिलंय. व्यापाऱ्याचा माणूस धुऱ्यावर उभा, पाहुण्यांच्या हातात पिशव्या, आणि मालकाची दोन्हीकडून फजिती. म्हणून सौद्याच्या वेळीच काही झाडं कागदावर बाहेर काढा. किती? झाडाला पाचशे फळं धरा, फळ दीडशे ग्रॅमचं, म्हणजे झाडामागे 75 किलो. दहा झाडांचे साडेसातशे किलो. एका कुटुंबानं पाच किलो नेला तर दीडशे कुटुंबं झाली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आठ आठवड्यांचे शनिवार-रविवार, म्हणजे सोळा दिवस धरले तर दिवसाला नऊ-दहा कुटुंबं. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त माणसं तुम्हाला झेपणारही नाहीत. सहा बाय सहा मीटरवर एकरी 111 झाडं बसतात, त्यातली दहा फार नाहीत.

पाहुण्याला फळ ओढू देऊ नका. ओढलं की देठाजवळची साल फाटते, ते फळ दोन-तीन दिवसांत सडतं आणि नाव तुमच्या बगीच्याचं खराब होतं. हाती छोटी कात्री द्या, देठ बुडाशी कसा कापायचा ते एकदा करून दाखवा. लहान मुलांना यातच सगळ्यात जास्त मजा येते, हे माझ्या भाच्यांवरून सांगतो. खोडाला निळसर काय फासलंय, हे प्रत्येक जण विचारेल. तेव्हा बोर्डो पेस्टची गोष्ट सांगा, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि खोडातून डिंक गळायला लावणारा डिंक्या रोग म्हणजे काय ते. डिंक्याची बुरशी ओल्या मातीतून पसरते. म्हणून दुसऱ्याचा बगीचा फिरून आलेल्यांना चिखलाच्या बुटांनी आत घेऊ नका, फाटकाशीच पाय धुवायला पाणी ठेवा.

फेब्रुवारीत आंबिया, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात तोडणीला येणारा बहार, फुलला की सुगंधानं माणूस वेडा होतो, तेव्हा बोलावू का असं तुम्हाला वाटेल. मी नको म्हणेन. नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, सायला ही रस शोषणारी कीड येते, फवारणी करावी लागते, आणि फुलांवर मधमाश्या असतात. त्याआधी पाणी तोडून ताणावर ठेवलेला बगीचा कोमेजलेला दिसतो, तोही दाखवण्याजोगा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. शेतकऱ्याकडे किमान एक एकर शेती हवी, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. जेवणात पनीर-बिनीर नको. वांग्याची भाजी, रोडगे, कढी, वर सांभारवडी (कोथिंबिरीची वडी). गावातल्या बचत गटाच्या ताई हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं करतात, पैसेही त्यांच्याकडेच जाऊ द्या.

मुक्कामाच्या खोल्या आत्ता बांधू नका. कर्ज काढून तर नाहीच. तो पैसा आधी दोन ठिकाणी घाला: स्वच्छ संडास आणि विहिरीचा कठडा. आपल्याला कठड्याशिवायच्या विहिरीची सवय असते, शहरातल्या पोराला नसते. मोटारीची उघडी वायर गवतातून गेलेली असेल तर ती पाइपात घाला. हे सगळं झाल्याशिवाय मला उद्घाटनाला बोलावू नका, मी येणार नाही.

यंदाच्या आंबियाचा सौदा अजून झाला नसेल तर रस्त्याकडच्या ओळीतली दहा झाडं आजच मोजून चुन्यानं खूण करा. व्यापारी दर पाडायला बघेल. दहा झाडांपुरता पाडू द्या.