चिरंजीव लिहिताना

चिरंजीवास येशूच्या नावात सलाम व अनेक आशीर्वाद.

पत्राच्या मायन्यात ‘चिरंजीव’ हा शब्द मी आजवर शेकडो वेळा लिहिला असेन, पण या वेळी हात थबकला. गेल्या नोव्हेंबरात खानापूरकडच्या तुमच्या शेतात भाताच्या पेंढ्या उचलताना तुला घोणस चावली आणि काचेच्या नळीत 20 मिनिटे ठेवूनही तुझे रक्त गोठेना, त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी तुझ्या वडिलांशेजारी बसलो होतो. या शब्दाचा अर्थ तेव्हा कोणी विचारला असता, तर मला सांगता आला नसता.

तुझे पत्र पोहोचले. उपासनेत तू साक्ष द्यावीस असा मंडळीचा आग्रह आहे, देवाने तुला मोठ्या कार्यासाठी राखून ठेवले आहे असे जो तो म्हणतो, आणि तुला मात्र शेजारच्या खाटेवरची चंदगडकडची बाई आठवत राहते, जी चौथ्या दिवशी गेली. मी का राहिलो आणि ती का गेली, असे तू विचारतोस. याचे निम्मे उत्तर साधे आहे. तुझ्या चुलत्यांनी तुला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट दवाखान्यात आणले. तिला आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेले आणि त्यात दुपार सरली. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, आणि विषावरची लस जितकी उशिरा मिळेल तितके तिच्याने भरून निघणारे नुकसान कमी होत जाते. उरलेले निम्मे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते आपल्यापाशी आहे असे सांगणाऱ्यांपासून तू जरा दूरच राहा.

प्रेषित पौलाच्या हातालाही साप डसला होता, हे तुला ठाऊक आहे. जहाज फुटल्यावर मलिता बेटावर तो काटक्या गोळा करून शेकोटीत टाकत असताना ते घडले. बेटावरचे लोक प्रथम म्हणाले की हा खुनी असावा, समुद्रातून वाचला तरी न्याय याला सोडत नाही. आणि तो मेला नाही असे पाहिल्यावर तेच लोक म्हणू लागले की हा देव आहे. पौलाने यातले काहीच मनावर घेतले नाही. त्याने साप झटकला आणि पुढे त्या बेटावरच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. तुझ्याबद्दल गावात हीच दोन मते फिरत आहेत. कोणी घरातले जुने पाप काढतो, कोणी तुला पाहून हात जोडतो. दोन्ही झटकून टाक.

याहून मोठा धोका तुझ्या स्वतःच्या मनात आहे, आणि त्यासाठी मी तुला हिज्कीया राजाची आठवण देतो. अरण्यात सर्पदंशाने लोक मरत होते, तेव्हा मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले. ते साधन देवानेच दिलेले होते. तरी पुढे पिढ्यानपिढ्या लोक त्या पितळेपुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीयाने त्याचे तुकडे केले. याच हिज्कीयाला पुढे मरणाच्या दुखण्यातून उठवून देवाने 15 वर्षे वाढवून दिली. आणि त्या वाढीव आयुष्यात त्याने काय केले, तर बाबेलहून आलेल्या पाहुण्यांना आपली सगळी भांडारे उघडून दाखवली. आपली सुटकाही अशी मूर्ती होऊन बसू शकते. माणूस तिच्यापुढे धूप जाळत राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहतो, आणि पुढचे दुखणे आले की त्याचा विश्वास तिच्याबरोबरच फुटतो.

मी हे इतक्या खात्रीने का लिहितो, तेही सांगतो. तुझ्या काकूसाठी याच मंडळीने, याच शब्दांत, रात्र रात्र प्रार्थना केली होती, आणि ती वाचली नाही. तुझे वाचणे हाच जर आपल्या आशेचा पाया असेल, तर तिच्या कबरीपाशी उभे राहून मी काय म्हणावे? म्हणून कृतज्ञता आणि आशा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मी शिकलो. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, तेव्हा पौलाने मोकळेपणाने लिहिले की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली. तू परतलास तेव्हा मीही तेच म्हणालो. पण येशूने उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला तो हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेला, आणि पुन्हा एकदा मरण्यासाठी. तुला मिळाले आहे ते लाजराचे आयुष्य, वाढवून दिलेले आणि कधीतरी संपणारे. येशूची प्रेतवस्त्रे मात्र कबरेतच राहिली. तो मरणातून मागे फिरला नाही, मरणाच्या पलीकडे निघून गेला, आणि ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो ते त्या पलीकडच्या जीवनाविषयी.

ते जीवन कसे असेल हे विचारणाऱ्याला पौलाने बियाण्याचा दाखला दिला. शहरातल्या मंडळीला तो समजावून सांगावा लागतो; तुला कशाला सांगू? मे महिन्याच्या धुळीत धूळवाफेने पेरलेला दाणा आणि ऑक्टोबरातली लोंबी यांचा चेहरा एक नसतो, तरी बासमती पेरून कोणी नाचणी कापत नाही. जे पेरले तेच उठते, पण वेगळ्या वैभवाने. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि थोमाने त्याला ओळखले ते त्यांवरूनच. तुझ्या घोट्याजवळची ती काळवंडलेली कातडी लोकांपासून लपवतोस असे तुझी आई सांगत होती, लपवू नकोस.

साक्ष द्यायचीच असेल तर थोडी थांबून दे, आणि देताना त्या बाईचाही उल्लेख कर. विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून होते हे कळल्यापासून त्यावर एखादा दृष्टान्त रचण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. तो मी आवरला, तूही आवर. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने पहिली गोष्ट सांगितली ती हिला काही खायला द्या, एवढीच. तेव्हा जेवणाची हेळसांड नको, आणि मूत्रपिंडांची तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच करून घे, बरे वाटते आहे म्हणून टाळू नकोस.

ईस्टरच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे कबरस्तानात जमू. आदल्या दिवशी काकूच्या कबरीवरचे गवत काढायचे आहे. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तू आलास तर बरे होईल. गमबूट घालून ये, आणि गवतात हात घालण्याआधी काठीने आपटून घे.

तुझा,
काका