वाचक विचारतात : फोनवरचे ऑथेल्लो

या वेळची बरीच पत्रे फोनवर आणि टॅबवर ऑथेल्लो खेळणाऱ्यांची आहेत. नवख्यांसाठी थोडक्यात : हा काळ्या-पांढऱ्या चकत्यांचा, दोघांचा पटावरचा खेळ. पहिली खेळी काळ्याची, मग आळीपाळीने. आपली नवी चकती आणि आपलीच आधीची चकती यांच्यामध्ये आडव्या, उभ्या किंवा तिरप्या रेषेत सलग सापडलेल्या समोरच्याच्या चकत्या उलटून आपल्या रंगाच्या होतात. निदान एक चकती उलटली तरच खेळी वैध, आणि शेवटी ज्याच्या चकत्या जास्त तो जिंकतो. उत्तरांत घरांची नावे येतील, म्हणून आधी एक खुलासा. उभे स्तंभ डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी वरून खाली १ ते ८. बुद्धिबळाच्या पटावर १ खाली असतो, इथे तो वर. त्यामुळे बुद्धिबळाची सवय असणाऱ्यांचा पहिले काही दिवस गोंधळ होतो.

प्रश्न : मी काळ्या चकत्या घेऊन खेळतो. चाळिसाव्या खेळीनंतर पटावरच्या ४४ चकत्यांपैकी तीस-बत्तीस माझ्या असतात आणि डाव संपतो तेव्हा उरतात पंधरा-वीस. शेवटी नेमके काय बिघडते?

शेवटी काही बिघडत नाही. बिघडायचे ते पंधराव्या-विसाव्या खेळीलाच बिघडलेले असते. तुम्ही पडद्यावरचा चकत्यांचा आकडा बघून खेळताय आणि डावाच्या मध्यावर त्या आकड्याला काडीची किंमत नसते. कोपरा आणि कोपऱ्याच्या आधाराने पक्क्या झालेल्या चकत्या सोडल्या, तर बहुतेक चकत्या केव्हाही उलटू शकतात. सेटिंग्जमध्ये गुण लपवायची सोय असेल तर आधी ते लपवा.

मोजायचा आकडा दुसराच आहे : समोरच्याला किती खेळ्या उपलब्ध आहेत? तुमच्या ज्या चकतीला लागून रिकामे घर आहे, ती चकती म्हणजे त्याच्यासाठी उघडे दार. चकत्या जितक्या जास्त आणि जितक्या बाहेरच्या बाजूला, तितकी दारे जास्त. उलट तुमच्या पाच-सहाच चकत्या मध्यभागी आणि भोवती त्याच्या चकत्यांचा वेढा असेल, तर त्याला उलटवायला फारसे काही सापडत नाही. खेळी शिल्लक असताना पास म्हणायची मुभा या खेळात नाही. चांगल्या खेळ्या संपल्या की नाइलाजाने तो कोपऱ्याशेजारी चकती ठेवतो आणि कोपरा तुम्हाला मिळतो.

हे अंगवळणी पडायला फोनसारखे साधन नाही. बहुतेक ॲपमध्ये उपलब्ध खेळ्यांच्या घरांवर ठिपके दिसतात, पण संगणकाविरुद्ध खेळताना ते फक्त तुमच्या पाळीला दिसतात. म्हणून ‘दोन खेळाडू’ हा पर्याय निवडा आणि दोन्ही बाजूंनी तुम्हीच खेळा. मनातली खेळी करा, आता समोरच्याचे ठिपके किती ते मोजा, मागे घ्या. दुसरी खेळी करून पुन्हा मोजा. ज्या खेळीनंतर ठिपके सर्वांत कमी, ती ठेवा. मोजताना त्याच्या आत्मघाताच्या खेळ्या, म्हणजे कोपरा मोकळा असताना त्याला तिरपे लागून असलेली घरे (बी२, जी२, बी७, जी७), वगळा. विसाव्या ते चाळिसाव्या खेळीपर्यंत एवढे केले तरी पुरे. असा एक डाव सावकाश चालतो, पण घाईघाईत खेळलेल्या वीस डावांपेक्षा तो जास्त शिकवतो.

चार-पाच डावांत एक गोष्ट लक्षात येईल. उत्तम खेळी बहुधा अगदी निरुपद्रवी दिसते : आतली एकच चकती उलटते आणि त्या चकतीच्या आजूबाजूची घरे आधीच भरलेली असतात. एकदम सात-आठ चकत्या उलटवणारी खेळी डोळ्यांना सुखावते, आणि तितकीच दारे उघडून देते. मात्र कमी चकत्यांचा हट्ट टोकालाही नेऊ नका. का, ते पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : मी पांढऱ्याने खेळत होतो. पटावर जेमतेम १३ चकत्या असताना डाव संपला आणि निकाल ६४–० दाखवला. ॲपमध्ये दोष आहे का?

नाही. तुमच्या सगळ्या चकत्या काळ्या झाल्या की दोघांनाही खेळी उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. स्पर्धांमध्ये रिकामी घरे विजेत्याच्या खात्यात जमा करतात, म्हणून ६४–०. काही ॲप तोच निकाल १३–० असा दाखवतात, तेही बरोबर.

सुरुवातीच्या चार आणि नऊ खेळ्यांच्या नऊ, अशा या १३ चकत्या. तुमचा डाव बहुधा असा झाला असेल : ई६, एफ४, ई३, एफ६, जी५, डी६, ई७, एफ५, सी५. दोन खेळाडूंच्या पटावर तो लावून पाहा. शेवटच्या सी५ने तीन दिशांना मिळून पाच चकत्या उलटतात आणि पांढरे काही शिल्लक राहत नाही. यात पांढऱ्याची घोडचूक एफ५. पटावर स्वतःच्या मोजक्याच चकत्या असल्या तर प्रत्येक खेळीपूर्वी ‘या सगळ्या एका फटक्यात जातील का?’ एवढे तपासा.

प्रश्न : कधी कधी संगणक लागोपाठ दोनदा खेळतो. ही लबाडी तर नाही?

तुमच्याकडे एकही वैध खेळी नसल्याने ॲपने तुमचा पास परस्पर उरकलेला असतो. ॲनिमेशन बंद असेल किंवा वेग जास्त ठेवला असेल तर ते कळतही नाही. वेग कमी करा, किंवा खेळ्यांची यादी उघडून बघा.

पासचा परिणाम मात्र मोठा असतो. एकही पास झाला नाही तर साठावी, म्हणजे शेवटची, खेळी पांढऱ्याची. त्या खेळीने उलटलेल्या चकत्या परत उलटवणारे कोणी नसते. एक पास झाला की हा लाभ काळ्याकडे जातो. म्हणून शेवटच्या दहा-बारा घरांत रिकाम्या जागांचे पुंजके मोजायची सवय लावा. तीन घरांच्या पुंजक्यात तुम्ही आधी शिरलात तर तिथली शेवटची खेळीही तुमची. दोन किंवा चार घरांच्या पुंजक्यात शक्यतो समोरच्याला आधी शिरू द्या. कोपऱ्याचे गणित आड आले तर हा नियम मोडावा लागतो.

प्रश्न : कोपरा मिळत असेल तर तो घ्यायचाच ना? तरीही मी हरलो.

बहुतेक वेळा घ्यायचाच. पण एक सापळा ओळखून ठेवा. समजा तुम्ही काळे आणि वरच्या कडेवर बी१ ते एफ१ अशा तुमच्या सलग पाच चकत्या आहेत. ए१, जी१, एच१ रिकामी. समोरचा जी२वर चकती ठेवतो. नवखा वाटतो बिचारा! तुम्ही एच१चा कोपरा घेता आणि तिरप्या रेषेतली जी२ काळी होते. जी३ पांढरी असेल तर आता तो जी१वर खेळू शकतो, कारण मधली जी२ त्याला उलटवता येते. जी१ची ही चकती एफ१ आणि एच१ या तुमच्याच चकत्यांच्या मध्ये पाचर बसावी तशी बसते. ती तुम्हाला आता कधीच उलटवता येणार नाही. तुमच्याकडे लगेच ए१ घेणारी खेळी नसेल, तर पुढच्या पाळीला तो ए१ घेतो आणि तुमच्या पाचही चकत्या पांढऱ्या होतात. एका कोपऱ्याच्या बदल्यात दुसरा कोपरा आणि जवळजवळ सगळी कड गेली.

दोष कोपरा घेण्यात नव्हता, एका बाजूला कललेल्या पाच चकत्यांच्या कडेत होता. सी१ ते एफ१ अशा मधोमध चार, किंवा बी१ ते जी१ अशा सहा चकत्या असतील तर कड समतोल असते आणि हाच हल्ला इतक्या सहज होत नाही. सहाच्या कडेचे धोके वेगळे आहेत, पण पाचची कड टाळता आली तर जरूर टाळा.

प्रश्न : पातळी वाढवली की फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय मी हरतोच. कोणत्या पातळीवर खेळावे?

पातळी म्हणजे बहुधा संगणक किती खेळ्या पुढचे बघतो तो आकडा. प्रत्येक जादा खेळीबरोबर तपासायच्या स्थिती काही पटींनी वाढतात, म्हणून प्रोसेसर तापतो. थोडीच घरे उरली की संगणक अंदाज बांधत नाही, डाव शेवटपर्यंत मोजूनच खेळतो. तिथे त्याची चूक होण्याची वाट पाहू नका.

हरण्याचे वाईटही वाटून घेऊ नका. १९९७मध्ये लॉजिस्टेलो या प्रोग्रॅमने तेव्हाचे जगज्जेते ताकेशी मुराकामी यांना सहा डावांत ६–० असे हरवले होते. ज्या पातळीवर दहांपैकी तीन-चार डाव तुम्ही जिंकता ती तुमची पातळी. ॲपमध्ये विश्लेषण असेल तर ते डाव संपल्यावर उघडा. खेळताना ते चालू ठेवले की विचार फोनच करतो.

प्रश्न : रिव्हर्सी आणि ऑथेल्लो एकच का? आणि संगणकाने हा खेळ ‘सोडवला’ म्हणतात, ते खरे?

रिव्हर्सी एकोणिसाव्या शतकातला, इंग्लंडमधला. त्यात पट पूर्ण रिकामा असतो, मधली चार घरे खेळाडूच भरतात आणि प्रत्येकाकडे स्वतःच्या ३२ चकत्या असतात. ऑथेल्लो हे नाव आणि आजचे नियम जपानच्या गोरो हासेगावांचे. १९७३मध्ये तो तिथे बाजारात आला. नाव नोंदणीकृत असल्यामुळे अनेक ॲपवर ‘रिव्हर्सी’ लिहिलेले असते आणि आत नियम ऑथेल्लोचे असतात. नवा डाव उघडा : मध्यभागी चार चकत्या तिरप्या जोड्यांत आधीच मांडलेल्या दिसल्या, तर तो ऑथेल्लो.

२०२३मध्ये हिरोकी ताकिझावा यांनी संगणकीय गणनेने दाखवले की दोघेही निर्दोष खेळले तर डाव ३२–३२ असा बरोबरीत सुटतो. तुमच्या आमच्या डावात निर्दोष कोणीच खेळत नाही.

प्रश्न : बोट चुकून शेजारच्या घरावर पडते. उन्हात तर काही दिसतच नाही.

हातभर नव्हे, तळहाताएवढ्या पडद्यावर आठ स्तंभ मावायचे म्हणजे एक घर जेमतेम आठ मिलिमीटरचे. ‘खेळी पक्की करा’ हा पर्याय असेल तर चालू करा, म्हणजे पहिल्या स्पर्शाला घर नुसते निवडले जाईल. ऑनलाइन डावात खेळी मागे घेता येत नाही, म्हणून तिथे तो हवाच. प्रत्येकी पाच मिनिटांच्या डावात प्रत्येकाला साधारण तीस खेळ्या, म्हणजे खेळीमागे दहा सेकंद मिळतात. एक जादा स्पर्श परवडतो. उन्हात गडद हिरव्या पटावर काळी चकती हरवते. पटाचा रंग फिकट करा आणि नुकत्याच खेळलेल्या घरावर खूण दाखवणारी सोय चालू ठेवा.