सकाळी मूठ वळत नाही, दुपारी कापूस वेचते

“म्याडम, हे दुखणं खरं हाय का नाटक?” यवतमाळकडच्या खेड्यांतून येणारे नवरे, सासवा हेच विचारतात मला, म्हणून एकीची गोष्ट सांगते, ओळख बदलून.

पस्तिशीची बाई, आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस निघालेला. डॉक्टरांच्या गोळ्या तिनं तिसऱ्याच आठवड्यात सोडल्या न दुकानातली दुखण्याची गोळी लपून खायची. दोन भेटी मी तिला गोळ्यांचंच समजावत बसले, ती नुसती मान हलवायची. तिसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही, तेव्हा ती बोलली.

“सकाळी भाकर थापाले हात वळत नाही, अन् अकरा वाजता वावरात कापूस वेचते. सासू म्हणते, घरच्याच कामाले हात दुखते इचे. आता मलेबी वाटते, मीच आळशी झाली का?”

ज्यावरून घरचे तिला खोटी ठरवत होते, तीच तर या आजाराची खूण! झिजेच्या सांधेदुखीत कामानं दुखणं वाढतं. इथं शरीराची रोगाशी लढणारी ताकदच सांध्याच्या अस्तरावर उलटते, सूज येते, रात्रभर हात पडून राहिले की आखडतात आणि हलवत राहिलं की तास-दोन तासांनी मोकळे होतात. माझं ठाम मत आहे, माणसावर घरात विश्वास बसल्याशिवाय गोळी पोटात टिकत नाही.

नवऱ्याला बोलावलं. म्हटलं, दादा, उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती वेळ लागतो ते आठवडाभर कॅलेंडरवर लिहा. त्यानं लिहिलं, ७० मिनिटं, ८५, ९०. पाचव्या दिवशी चूल त्यानंच पेटवली. माझ्यासमोर कॅलेंडर धरून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मी इले कामचोर समजत होतो जी.” ती रडली, आणि मग स्वतःहूनच विचारलं, गोळ्या परत सुरू करता येतील का.

डॉक्टरांनी केल्या. त्यातली मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आम्ही बाजाराचा दिवस ठरवला. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, तिनं सोडली ती त्याच्या आधीच. दुकानातल्या गोळीनं ठणका थांबतो, सांधा वाकडा व्हायचा थांबत नाही, वर पोट न किडनीला त्रास. दही-लिंबू बंद करूनही हा आजार जात नाही. रक्त न लिव्हरची तपासणी सांगतील तेव्हा कराच, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. सवय लागत नाही या गोळ्यांची, आजार काबूत आला की डॉक्टर डोस कमीही करतात.

चार महिन्यांनी नवरा कॅलेंडर घेऊनच आला. शेवटचा आकडा १५ होता.